धरमपुरीच्या घाटावर पाठमोरा

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी मांडूत सगळ्यांना सांगून टाकलं की उद्या माझ्या पाठीचा नंबर नीट वाचून ठेवा, दुसरं काही दिसणार नाही.

आमच्या पलटणीचे माळव्यातले निवृत्त जवान दरवर्षी नाईक मोहनच्या नावाने मांडूच्या घाटात धावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गावी, धरमपुरीला, एक जण पुष्पचक्र घेऊन स्लो मार्चने पायऱ्या उतरतो आणि ते नर्मदेत सोडतो. एकट्याने, कुणाचा हात न धरता. तो कोण, हे मोहनची आई ठरवते. तिला आम्ही जीजी म्हणतो. यंदा तिने प्रथमच माझं नाव घेतलं होतं. मोहन गेला त्या पेट्रोलचा, म्हणजे गस्तीच्या तुकडीचा, कमांडर मीच होतो.

तयारी कडक होती. रोज पहाटे देवासच्या टेकडीच्या पायऱ्या पळत चढायचो, देवीला नमस्कार करायचो आणि रोपवेने खाली यायचो. बायकोने एकदा विचारलं, उतरताना पैसे कशाला घालवता? मी तिला सुनावलं की सैनिकाचा कस चढावर लागतो.

शर्यतीत घाट उतरताना पाय मोकळे सोडले, फोटोवाल्याकडे बघून मिशीला पीळही दिला. माझ्या वयोगटात पहिला आलो. मेडल घालूनच जेवलो.

सकाळी धरमपुरीच्या धर्मशाळेत जाग आली तेव्हा मांड्यांचे दगड झाले होते. शौचालय देशी होतं. बसलो ते गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर. उठायला हवालदार सदाशिवला हाक मारावी लागली. तो आमचा जुना पीटी उस्ताद. त्याने मला उभं केलं आणि एक प्रदक्षिणा घातली.

"सावधान झकास दिसताय, साहेब. आता विश्राम करून दाखवा."

"सदाशिव, चढताना काही झालं नाही रे."

"चढायची प्रॅक्टिस तुम्ही केली. उतरायची रोपवेने केली."

घाटावर गाव जमलं होतं. जीजी वरच्या पायरीवर मोहनचा फोटो छातीशी धरून उभी होती. मी पुष्पचक्र घेतलं, पहिली पायरी उतरलो आणि गुडघा मुडपला. पुष्पचक्र कललं. सदाशिव पुढे आला. मी मान हलवली. त्याने हात दिला असता तर जीजीने दिलेला मान तिथेच संपला असता.

पेट्रोल मागे हटते तेव्हा शेवटचा माणूस पाठमोरा चालतो, तोंड शत्रूकडे. मी तेच केलं. पीछे मुड. पायाचा चवडा खालच्या पायरीवर टेकवला. मांडी कुरकुरली, पण तिने वजन घेतलं.

घाटावर कुजबुज झाली. कुणी म्हणालं, भिया, ये उलटे काहे को उतर रिये हैं? सदाशिव माझ्या मागे पाण्याच्या बाजूला गेला आणि वायरलेसवर बोलावं तसं हलक्या आवाजात सांगू लागला.

"पायरी क्लिअर. पुढची तुटलेली. डावीकडे, ओव्हर."

मी तोंड वर करून उतरत होतो. जीजी माझ्याकडेच बघत होती.

"ऐसे ही उतर, बेटा," ती म्हणाली. "हर कोई पीठ करके उतरता है. तेरा मुँह तो दिख रहा है."

पाण्याला पाय लागले. पुष्पचक्र सोडलं. कडक सॅल्यूट मारला. मांड्यांची बिशाद नव्हती हलायची.

मोहन गेला त्या दिवशी डोंगराच्या धारेवर आमचे दोन जखमी होते. मोहन एलएमजीवर, हलक्या मशीनगनवर, बसला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही यांना घेऊन उतरा." रेडिओवर हुकूम आला, मागे हटा. आम्ही जखमींना खाली आणलं. दोघंही जगले, एक काल शर्यतीत पाणी वाटत होता. शेवटचा मी होतो, पाठमोरा. वळणाआड जाईपर्यंत मोहन मला दिसत होता. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्याचं फायरिंग आम्हाला खालपर्यंत ऐकू येत होतं.