भरतीचं पाणी

किशोरीने एमएस्सीला पर्यावरणशास्त्र घेतलं तेव्हा नातेवाइकांनी विचारलं होतं, झाडं लावायला एवढं शिकावं लागतं का. तिचा बाप आनंदा, खाडीत होडी घालणारा कोळी, लेकीच्या बाजूने सगळ्यांशी भांडला. आता पनवेलच्या एका कंपनीत तिची शेवटची मुलाखत होती. ही कंपनी कारखान्यांसाठी पाण्याचे अहवाल करायची. पोरगी सायब होणार, हे आनंदाने मासळी बाजारात ज्याला त्याला सांगून ठेवलं होतं.

मुलाखतीत किशोरीने कॉलेजचा प्रकल्प मांडला. कारखान्यांचा नाला खाडीला मिळतो तिथलं पाणी तिने तपासलं होतं. आकडे चांगले होते, इतके की समोरचे कुमारसाहेब खूशच झाले. एका गिऱ्हाइकाला नेमका असाच अहवाल हवा आहे, हाच वापरू, सोमवारी रुजू व्हा, म्हणाले.

किशोरीने आकडे पुन्हा पाहिले. मासे मरतात म्हणून गाव ओरडतंय, मग पाणी इतकं स्वच्छ कसं? आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नमुने तिने बापाच्या होडीतून घेतले होते, आणि तिथे होडी जाते ती फक्त भरतीला. तेव्हा समुद्राचं पाणी आत शिरून नाल्याची घाण पातळ होते. ओहोटीला, म्हणजे घरच्या भाषेत सुकतीला, तिथे नुसता चिखल आणि नाल्याचं पाणी उरतं. कोळ्याच्या पोरीला हे सुचू नये! पण होडी निघेल ती कामाची वेळ, हे लहानपणापासून इतकं अंगवळणी पडलेलं, की प्रश्नच पडला नाही. तिच्या कॉलेजच्या सरांनाही पडला नाही, पण ते सोलापूरचे.

गप्प बसली तर नोकरी तिचीच होती.

"सर, हे सगळे नमुने भरतीचे आहेत," ती म्हणाली. "ओहोटीचे घेतल्याशिवाय हा अहवाल वापरू नका."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. भरतीचं पाणीही खाडीचंच, असं समजावून पाहिलं. ती नाहीच म्हणत राहिली. शेवटी ते म्हणाले, कळवू. कळवू म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं.

घरी आनंदा इस्त्रीचा शर्ट घालून वाट बघत बसला होता. तिने सगळं सांगितलं. आता हा बाजारात काय तोंड दाखवणार, या विचाराने तिला रडू फुटलं.

आनंदाने शर्ट काढून खुंटीला अडकवला.

"उद्या सुकतीला मी येतो," तो म्हणाला. "त्या चिखलात तुला एकटीला नाय जमायचं."