जांभळ्या सशाचा कान

खुंटीकाकांचा पारा त्या रविवारी दुपारी जेवणाआधीच चढला होता. चाळीस वर्षं गिटारी आणि व्हायोलिनं दुरुस्त करणारा माणूस, डोळे मिटूनही तार लावेल. पण बायकोने डोक्यावर चढवलेलं आभासी जग दाखवणारं ते काळं डबडं काही केल्या नाकावर बसेना. त्यात चष्म्यावर वाफ.

"अहो, मान हलवू नका. आत्ता कुठे दारात पोचलायत," काकू म्हणाल्या.

"कसलं दार! मला कुणाचे तरी केसाळ पाय दिसतायत."

"तुमचेच ते. तुम्ही ससा आहात. जांभळा."

"साठी उलटलेल्या माणसाला ससा करता?"

"फुकटात तेवढंच मिळतं. चला पुढे."

त्या आभासी गावातल्या रंगमंचावर त्यांची लेक दर रविवारी गायची. काकू सहा महिने गुपचूप जात होत्या. काका कुठल्या तोंडाने जाणार? दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीचं दुकान सोडून गायला निघालेल्या पोरीला ते म्हणाले होते, "असल्या भुताटकीत गाणाऱ्याला कुणी गायक म्हणत नाही." तेव्हापासून तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. आज गाणं संपल्यावर तिच्यासमोर जायचं आणि माफी मागायची, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. आठवडाभर चार वाक्यं घोकली होती.

पण धड चालता येईल तर शपथ! आधी तळ्यात गेले, मग एका बाईच्या डोक्यावर चढून बसले, आणि उतरायचं बटण दाबलं तर ससा टाळ्या वाजवायला लागला. "मेलं हे यंत्र!" काका ओरडले.

तेवढ्यात ती आली. चेहरा रंगवलेल्या बाहुलीचा, पण आवाज तिचा. तिच्या खोलीतली खरी गिटार, खरा गळा. पोरगी सुरेख गात होती, आणि हे आपण दोन वर्षं ऐकलं नाही याचा काकांना स्वतःचाच भयंकर राग आला.

दुसऱ्या कडव्यात तिसरी तार उतरली. दुसरा कुणी असता तर गिळून टाकलं असतं. काकांच्या तोंडून निघूनच गेलं, "तिसरी उतरलीय! आधी तार लाव, मग गा!"

गाणं थांबलं. मैदानातली चारशे माणसं मागे वळली.

"अहो, माईक चालू आहे तुमचा!" काकूंनी कपाळाला हात लावला.

एक धिप्पाड पहारेकरी समोर येऊन उभा राहिला. "ससेबुवा, बाहेर व्हा."

"थांबा," रंगमंचावरून आवाज आला. "राहू द्या त्यांना." मग खुंटी पिळल्याचा आवाज. "आता?"

काकांनी कान टवकारले. "जरा चढव."

"आता?"

"अजून केसभर... हं. बस."

"झालं ना, बाबा?"

घोकलेल्या चार वाक्यांतलं एकही आठवेना. काकू कुजबुजल्या, "बोला की! आणि आधी तो माईक बंद करा."

"राहू दे चालू," काका म्हणाले. जन्मात कुणापुढे चूक कबूल न केलेला तो माणूस चारशे अनोळखी लोकांसमोर मोठ्याने म्हणाला, "चुकलो गं पोरी. गायिका आहेस तू."

तिने पुढचं कडवं सुरू केलं. तार बरोबर लागली होती, आणि जांभळा ससा टाळ्या वाजवत होता, या वेळी मुद्दाम बटण दाबून.