पिंपळगावात कासवाची पाठवणी

ताईचा फोन आला तेव्हा मी गोव्याची बॅग भरत होते. "पिऊ जेवतच नाही गं," एवढंच बोलली आणि रडायला लागली. पिऊ म्हणजे माझी पाच वर्षांची भाची. उन्हाळ्यापासून ताप, जुलाब, औषध, जरा बरं, की परत ताप. गेलं गोवा खड्ड्यात! बॅगेत सुती ड्रेस कोंबले आणि पुण्याहून जालन्याची गाडी धरली.

तुम्हाला तिकडे जायचं असेल तर ऐका. जालना स्टँडवरून राजूरमार्गे भोकरदनला जाणारी लालपरी पकडा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे वाचलेले पैसे खाण्यावर उडवायला आपण मोकळ्या. राजूरच्या गणपतीला मी बसमधूनच हात जोडले. केदारखेड्याला बस थांबल्यावर भजी घेतली. कागद तेलाने पार ओला, पण भजी एक नंबर! भोकरदनहून पिंपळगाव रेणुकाईपर्यंत काळीपिवळी जीप. मिरचीचा हंगाम होता. रस्त्याकडेला गोण्यांच्या थप्प्या आणि गावात शिरायच्या आधीच मला ठसका. ड्रायव्हर हसून म्हणाला, "ताई, आमच्या गावाची सलामी हाय ही!"

पिऊ दारातच बसली होती, गाल आत गेलेले. मी भज्यांचा पुडा पुढे केला.

"भूक न्हाई, मावशी."

भजी बघून नाही म्हणणारं पोर! मी पुडा गुंडाळून बाजूला ठेवला.

सकाळी मला सगळं कळलं. ताईच्या सासूबाईंना सगळं गाव जिजी म्हणतं, आणि घरातलं पान त्यांच्याशिवाय हलत नाही. त्यांच्या देवघरापुढे पितळी परातीत पाणी, आणि पाण्यात चक्क जिवंत कासव, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. दाजींनी ते शहागडला ढाब्यावर, गोणीतून कासवं विकणाऱ्या एका माणसाकडून घेतलं होतं.

"लक्ष्मी हाय ती," दाजी म्हणाले. "आणल्यापास्नं मिरचीला बराबर भाव लागून राह्यला."

जिजींनी परातीतलं पाणी पळीने घेऊन घरभर शिंपडलं, मग एकेक पळी सगळ्यांच्या हातावर दिली. तीर्थ म्हणून! पिऊ शहाण्यासारखी घटकन प्यायली. मीही हात पुढे केला, आणि तेवढ्यात लक्ष्मीने परातीतच शी केली.

"हे पाणी पिऊ रोज पिते?" मी किंचाळलेच.

"कासव आणल्यापास्नं," ताई म्हणाली. "म्हणजे उन्हाळ्यापास्नं..." आणि तिने पिऊला परातीपासून मागे ओढलं.

त्याच दिवशी पिऊला घेऊन आम्ही भोकरदनला गेलो. डॉक्टरबाई भडकल्या. "घरात कासव आहे, हे इतके दिवस मला सांगायला काय झालं होतं?" दाजींनी मान खाली घातली. असं कासव पाळणं गुन्हा आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून तर ते गप्प बसले होते. डॉक्टरबाईंनी समजावलं की कासव ठणठणीत दिसलं तरी त्याच्या विष्ठेत जंतू असू शकतात. मोठ्या माणसांना एखादवेळी काही होत नाही, लहान पोरं मात्र आडवी होतात. "आणि रानातून धरून, गोणीत एकावर एक कोंबून आणलेली जनावरं! एकाचा रोग दुसऱ्याला, तिथून तुमच्या घरात." पिऊच्या तपासणीतही तेच जंतू निघाले. औषध बदललं, तीर्थ बंद.

आता प्रश्न जिजींचा. कासव घरात असेपर्यंत तीर्थ बंद राहणार नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"लक्ष्मी घराबाहेर काढायची? मी मेल्यावर काढा!"

मी भांड भांड भांडले. उपयोग शून्य. मग वनविभागाला फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, "स्वतःहून आणून द्या, जबाब द्यावा लागेल. आणि आधी त्याला पाण्यातून काढा. हे कोरड्या माळरानावरचं कासव आहे, पाण्यात त्याचे हाल होतात." मी ते जिजींना सांगितलं. त्यांनी परात देवघराच्या आणखी जवळ ओढून घेतली.

आणि मग सासूपुढे कधी मान वर न करणारी माझी ताई बोलली! "जिजी, महालक्ष्म्या आपण तीन दिवसच ठेवतो ना? जेवू घालतो, ओटी भरतो अन् निरोप देतो. कधी डांबून ठेवल्या का? हिला आपण पाण्यात डांबलं. मंग ती कशी पावंल? माझं लेकरू वाळून चाललंय, जिजी."

जिजींनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "अशी हाकलायची न्हाई. पाठवणी करायची."

काय पाठवणी झाली राव! पुरणपोळीचा नैवेद्य, सुकं गवत अंथरलेली टोपली, टोपलीला खण-नारळाची ओटी आणि दारात हलगी. सगळी गल्ली लोटली. तेवढ्यात मागच्या गल्लीतली एक बाई पदराआड बादली घेऊन आली. "जिजी, आमची बी न्या. एकलीच कशी जाईल ती?" बादलीत दुसरं कासव! तिच्या मागून आणखी एकीने तिसरं आणलं. मी शिट्टीच मारली.

वनविभागात दाजींना साहेबांनी चांगलं खडसावलं. दाजींनी ऐकून घेतलं आणि शहागडच्या माणसाची सगळी माहिती जबाबात दिली. "आम्ही घेतो म्हणून तर तो गोण्या भरून राह्यला, साहेब." पुढे त्या ढाब्यावर सापळा लागला, आणि अख्खी गोणी जिवंत कासवांसकट सापडली. दाजींनी हे फोनवर अशा ऐटीत सांगितलं, जसं काही सापळा त्यांनीच लावला होता!

तेव्हा शहागडला थांबलात तर चहा प्या, गोदावरी डोळे भरून बघा. पण कुणी गोणीचं तोंड उघडून 'बरकत' दाखवली तर घेऊ नका, वनविभागाला फोन करा. तुम्ही घेतलेल्या एकाच्या जागी तो रानातून आणखी चार उचलून आणतो.

आता पुण्यात परत येऊन कामाला लागले आहे. गोवा राहिला तो राहिलाच, आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. काल पिऊचा फोन आला.

"मावशी, लक्ष्मी पोचली का तिच्या रानात?"

"साहेब म्हणाले, पोचली. चालत गेली, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही."

"बरं. मंग ठेव फोन जल्दी. मला भूक लागली."