झाशी ते गुरसराय : हापसा दुरुस्त कोण करतं?

मोहनदादा दर दिवाळीला फोनवर म्हणायचा, "ये न एकदा, ओरछा दाखवतो," आणि मी दर दिवाळीला "बघते" म्हणायचे. यंदा निवृत्त झाले आणि सबबी संपल्या. महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात लोकांच्या तक्रारींचे फोन घेण्यात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि सहनशक्ती कमी. हे आधीच सांगून ठेवते, कारण हे प्रवासवर्णन शांत डोक्याने लिहिलेलं नाही.

नाशिकहून झाशीला थेट गाड्या आहेत. थंडी सरताना जा, उन्हाळ्यात चुकूनही जाऊ नका. स्टेशनबाहेर रिक्षावाले पाहुणा ओळखून भाव सांगतात. दोन पावलं पुढे जाऊन शेअर रिक्षा पकडली तर चहाच्या पैशात सीपरी बाजार गाठता येतो. दादाचं घर तिथेच, कापडाच्या दुकानाच्या वर. आई झाशीची, म्हणून दादा माझा मामेभाऊ. या लोकांचे पूर्वज पेशवाईत कारभारी म्हणून तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. घरात अजून मराठी आहे, पण तिच्यात हिंदी चांगलीच मुरलेली. सुनीतावहिनी "फडताळातून वाटी दे" म्हणते, जो शब्द मी नाशकात कित्येक वर्षं ऐकला नाही, आणि पुढच्याच वाक्याला "तुझं सामान वर ठेवायला मी मना केलं होतं" असंही म्हणते. त्यांची गौरी कॉलेजात आहे. मी मराठीत विचारलं की ती हिंदीत उत्तर देते. "समझ में पूरी आती है बुआजी, बस बोलते नहीं बनती," असं तिने हसत सांगून टाकलं.

पहिला दिवस ओरछ्याला. बसस्टँडजवळून टमटम मिळते, भरली की सुटते. महाल बघा, राजांच्या समाध्यांवरच्या छत्र्या बघा, पण बेतवा नदीच्या काठी निवांत बसायला वेळ राखून ठेवा. परतताना दतिया गेटपाशी गरम कचोरी आणि जिलबी खाल्ली. इथपर्यंत माझी सहल चारचौघांसारखी चालली होती.

रात्रीच्या जेवणात दादा म्हणाला, "उद्या मी गुरसरायकडे जातोय. बसमध्ये जागा आहे, येतेस? रस्त्यात बरुआ सागरचा तलाव दिसेल." दादा निवृत्त इंग्रजीचा मास्तर. एका प्रशिक्षण संस्थेत कंत्राटावर दुभाष्याचं काम करतो. एक परदेशी निधी या संस्थेला पैसे देतो आणि ती युद्धाने मोडलेल्या देशांतले अधिकारी बुंदेलखंडात आणते. इथल्या बायकांच्या पाणी समित्या बघायच्या आणि आपल्या देशात जाऊन तसंच करायचं, अशी योजना. फुकटात बस आणि तलाव. मी लगेच हो म्हटलं.

सकाळी बसच्या तोंडावर फलक होता: नाज़ुक देशों के लिए जल-प्रबंधन अध्ययन यात्रा. मी दादाला विचारलं, "हे नाजूक देश म्हणजे काय? काचसामान आहे का?" तो म्हणाला, "अगं, फ्रॅजाइल स्टेट म्हणतात त्यांना. जिथे सरकार धड चालत नाही. मी 'अस्थिर' सुचवलं होतं, मेहराजींना नाज़ुक पसंत पडलं." मेहरा हे दिल्लीहून आलेले सल्लागार. कडक इस्त्रीचा खादी कुर्ता, गोड बोलणं, आणि बसमध्ये सर्वांत पुढची सीट.

माझ्या शेजारी अचोल बसली होती. दक्षिण सुदानची, तिथल्या ग्रामीण पाणी खात्यात इंजिनीयर. उंच इतकी की तिचे गुडघे पुढच्या सीटला टेकत होते. इंग्रजीत गप्पा सुरू झाल्या. बेतवाचा पूल ओलांडेपर्यंत तिने माझ्या नोकरीची चौकशी केली होती आणि बरुआ सागर येईपर्यंत मला तिच्या कामाचा उलगडा झाला होता. तलाव सुंदर आहे हो, नक्की बघा. बाजारात आल्याचे ढीग असतात, ताजं आलं घेऊन या. पण मी तो तलाव अर्धवटच पाहिला, कारण अचोल सांगत होती ते ऐकून माझं डोकं फिरलं होतं.

ती म्हणाली, "आमच्या गावांत तुमचाच हापसा आहे. भारतातला. साखळी कुठे झिजते, वायसर कधी फाटतं, मला झोपेत विचारा. हापसे आहेत, पण दुरुस्त करणारे नाहीत." मी विचारलं, खातं आहे ना तुमचं? तर म्हणाली, "खातं आहे. पगार महिनोन् महिने येत नाही. मदत देणारे सरकारच्या हातात पैसा देत नाहीत, म्हणतात सरकार कमकुवत आहे. मग प्रत्येक संस्था आपली गाडी आणते, आपले सुटे भाग आणते. माझे चांगले मेकॅनिक तिकडे जातात. का नाही जाणार, त्यांना मुलं आहेत. मग प्रकल्प संपतो, गाड्या जातात, मेकॅनिक घरी बसतो, हापसा बंद पडतो. आणि पुढच्या अहवालात लिहितात, सरकार कमकुवत आहे."

म्हणजे आधी पाय बांधायचे आणि मग म्हणायचं, बघा, याला चालता येत नाही. मी हे मराठीतच पुटपुटले. दादाने मागे वळून डोळे वटारले.

अचोलला हवं होतं ते फार साधं होतं. तिच्या भागासाठी एक सुट्या भागांचं गोदाम आणि खात्याच्या मेकॅनिकांना नियमित पगार. या दौऱ्याच्या शेवटी प्रत्येकाने आपली योजना मांडायची होती, आणि निधीची माणसं त्यातून निवड करणार होती. "सरकारी दुरुस्ती जिथे नीट चालते अशी एक जागा मला दाखवता आली, तर मी भांडू शकते," ती म्हणाली. "घरी सगळे मला सांगतात, भारतात गावातल्या बायकाच सगळं करतात, सरकार लागत नाही."

मऊरानीपूरला चहा झाला. पुढे गुरसरायच्या अलीकडे डाव्या हाताला एक गाव, तिथे बस थांबली. शाळेच्या ओट्यावर सतरंज्या घातलेल्या, बायका डोक्यावरून पदर घेऊन रांगेत बसलेल्या. समितीच्या अध्यक्ष रामकलीबाई. बस, फलक आणि फलकाखालून वाकून उतरणारी अचोल यांच्याकडे बघून त्या मोठ्याने म्हणाल्या, "काए भैया, जेई आय नाज़ुक? जा तो हम औरन से तगड़ी है!" बायका खिदळल्या. दादाने तेवढं भाषांतर केलं नाही, मी केलं, की हीच का नाजूक, ही तर आमच्यापेक्षा तगडी आहे, आणि अचोल खूप दिवसांनी हसल्यासारखी हसली.

मग भाषणं झाली, हार झाले, गूळ-फुटाणे झाले. समिती कशी बसते, वर्गणी कशी काढते, सगळं ऐकलं. अचोलने हात वर केला आणि सरळ विचारलं, "हा हापसा बिघडला तर दुरुस्त कोण करतं?"

दादाने हिंदीत विचारलं. रामकलीबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. "ब्लॉक से मिस्तरी आउत है। सरकारी। सामान सोई ओई ले आउत, गोदाम से। हम औरें फोन करत। नईं आए तो ब्लॉक में जाके लड़त।" ब्लॉक म्हणजे तिकडची तालुक्याची कचेरी; मिस्त्री आणि सामान दोन्ही तिथून येतं, नाही आलं तर या बायका जाऊन भांडतात.

मेहरा दादाकडे झुकले आणि हलकेच म्हणाले, "मोहनजी, समिति वाला हिस्सा बताइए।"

आणि माझ्या मामेभावाने, ज्याने मला लहानपणी शुद्धलेखनावरून टपल्या मारल्या होत्या, इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, दुरुस्तीची सगळी काळजी समिती घेते."

अचोलने मान हलवली आणि खाली बघितलं. मी उठले. "दादा, ती बाई काय म्हणाली आणि तू काय सांगितलंस?" मराठीत. त्या अख्ख्या गावात मराठी कळणारे आम्ही दोघंच, त्यामुळे आवाज खाली आणायची गरज मला वाटली नाही.

"तू खाली बस. नंतर बोलू."

"नंतर कधी? ती तिच्या देशात गेल्यावर? हजारो मैलांवरून हेच विचारायला आलीये ती!"

"अगं, तुला समजत नाही. ये लोग रिपोर्ट लिहितात. माझं कंत्राट आहे. गौरीची फी आहे. कशाला परेशान करतेस मला सगळ्यांसमोर?"

"मी आयुष्यभर पाण्याच्या तक्रारी ऐकल्या आहेत. वर्गणीने कमिटी चालते, हापसा नाही. तू सांगतोस की मी सांगू?"

पाहुणे आळीपाळीने आमच्याकडे बघत होते. मेहरांनी हसून विचारलं, "क्या हुआ मोहनजी? घर की कोई बात?"

"जी, घर की ही बात है," दादा म्हणाला.

मग मी सांगितलं. अचोलला, इंग्रजीत, रामकलीबाईंचा शब्द न् शब्द. ब्लॉकचा मेकॅनिक, सरकारी गोदाम, आणि न आल्यास भांडण. अचोल उठली, तिने रामकलीबाईंचे दोन्ही हात धरले. दुभाष्याशिवायच बराच वेळ दोघींचं काहीतरी चाललं होतं. मेहरा घड्याळ बघू लागले.

परतीच्या वाटेवर दादा पुढे बसला, मी मागे. घरी वहिनीने पानं घेतली, तिला दोन्हीकडची हकीकत ऐकावी लागली, आणि ती एवढंच म्हणाली, "दोघंही जेवा आधी." मला दादाचा राग होता, पण त्याहून जास्त राग त्या गोडबोल्याचा होता. एका निवृत्त मास्तराच्या गरजेवर पाय ठेवून कुणी खोटं वदवून घेतं, आणि त्यालाच विकासाचं धोरण म्हणतं, याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

योजना मांडायचा दिवस दोन दिवसांनी, शहरातल्या एका हॉटेलात. अचोलने मला मुद्दाम बोलावलं, म्हणून शेवटच्या रांगेत जाऊन बसले. तिने गोदाम मांडलं, मेकॅनिकांचे पगार मांडले, आणि आधार म्हणून रामकलीबाईंचं गाव सांगितलं. निधीकडून आलेल्या बाईंनी मेहरांकडे पाहिलं. मेहरा हसले. म्हणाले, "काहीतरी गैरसमज झालाय. एका पर्यटक बाईंनी मध्येच भाषांतर केलं होतं. आपले अधिकृत दुभाषी इथेच आहेत. मोहनजी, गावातल्या त्या अध्यक्ष बाई नेमकं काय म्हणाल्या?"

दादा उभा राहिला. त्याने माइक हातात घेतला. त्याने मेहरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. अचोलकडे बघत, वर्गात सांगावं तसं स्पष्ट, सावकाश इंग्रजीत म्हणाला, "त्या म्हणाल्या, दुरुस्ती सरकारी मेकॅनिक करतो. सुटे भाग सरकारी गोदामातून येतात. समिती त्याला बोलावते आणि आला नाही तर भांडते. त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं होतं. कुणाच्या सांगण्यावरून सांगितलं, ते ज्यांनी सांगायला लावलं त्यांना ठाऊक आहे." आणि माइक खाली ठेवला.

मला वाटलं, झालं, जिंकली पोरगी. किती भाबडी मी! निधीच्या बाईंनी अगदी सहानुभूतीने सांगितलं की मुद्दा मोलाचा आहे, नोंद घेतली आहे, मात्र नाजूक देशात सरकारी पगारांवर खर्च करणं नियमात बसत नाही. अचोलने विचारलं, "पगार दिलाच नाही तर आम्ही नाजूक राहणं कधी थांबवू?" यावर त्यांनी तिचे आभार मानले आणि चहाची सुट्टी जाहीर केली. मी नोकरीत पुष्कळ निगरगट्ट उत्तरं ऐकली आहेत, काही दिलीही असतील. पण घसा कोरडा असलेल्या माणसाला इतक्या सभ्यपणे कुणी परत पाठवल्याचं पाहिलं नव्हतं.

परत येऊन आता दोन महिने होतील. लोक विचारतात, झाशी कशी आहे? छान आहे, जा. किल्ल्यावर सकाळी चढा, सीपरी बाजारात सुती चादरी घ्या, आणि जमल्यास मऊरानीपूरच्या पुढेही जा, तिकडे पर्यटक कुणी फिरकत नाही. मी मात्र ओरछ्याचे फोटो अजून नीट लावलेले नाहीत. नळाला पाणी आलं की मला त्या न दिसलेल्या गावांतले बंद हापसे आठवतात आणि चिडचिड होते.

दादाचं कंत्राट वाढवलं नाही, हे सांगायला नकोच. तो आता घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेतो. माझ्याशी बोलतो, पूर्वीपेक्षा जरा जास्तच.

गेल्या आठवड्यात अचोलचा निरोप आला. तिची योजना नामंजूर झाली. पण निधीने तिच्या खात्याला एक गोष्ट मंजूर केली आहे: आणखी एक अध्ययन यात्रा. तिचे वरिष्ठ अधिकारी विमानाने भारतात येणार, त्याच बसने त्याच गावी जाणार. मेकॅनिकाला पगार द्यायला पैसा नाही, पण त्याच्या साहेबांना हापसा दाखवायला आहे! तिने शेवटी लिहिलं होतं, "या वेळी दुभाषी नवा असेल. त्यांना रामकलीबाईंचं बोलणं कोण सांगणार?"

मी तो निरोप जसाच्या तसा दादाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"तारीख विचारून घे तिला," तो म्हणाला. "गुरसरायची बस सकाळी असते. मी आधीच जाऊन रामकलीबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसतो. तिथे बसायला कंत्राट लागत नाही."