गोलकीपरचा पासपोर्ट

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण त्या पासपोर्टचा तपास माझ्या डोळ्यांसमोर अजून जसाच्या तसा आहे. निवृत्ती जवळ आली होती. बुलढाण्यालगतच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून बंदोबस्ताची वाटणी करत असताना ठाणे अंमलदारांनी एका शिक्षकांना माझ्यासमोर आणून बसवलं.

"जयभीम साहेब," ते म्हणाले. "पोरीचा पासपोर्ट चोरीले गेला."

शिक्षकांना सगळा भाग ओळखत होता. त्यांची मुलगी सतरा वर्षांखालील मुलींच्या भारतीय संघात गोलकीपर म्हणून निवडली गेली होती. आशिया खंडाच्या फुटबॉल महासंघाची मुलींची स्पर्धा होती आणि तिची पात्रता फेरी परदेशात व्हायची होती. आमच्याकडे पोरं क्रिकेट आणि कबड्डी खेळतात. फुटबॉलचं मैदान म्हणजे शाळेमागची मुरमाड जागा आणि दोन बाजूंना रोवलेल्या बल्ल्या. तिथून ही मुलगी वर आली होती. गावात शिरताना तिचा फलक लागलेला होता. त्यावर पुढाऱ्यांचे फोटो तिच्या फोटोपेक्षा मोठे होते.

त्याच आठवड्यात तिला मलकापूरहून गाडी धरायची होती. पासपोर्ट हरवला तर आम्ही गहाळ म्हणून नोंद घेतो. पण शिक्षक ठाम होते. कपाटात ठेवला होता आणि कपाटातूनच गेला, असं त्यांचं म्हणणं. चोरीचा गुन्हा दाखल केला आणि पंचनाम्याला गेलो.

घराला नुकताच रंग दिलेला होता, अजून वास येत होता. कपाटाचं कुलूप शाबूत होतं, किल्ली नेहमीप्रमाणे दारामागे टांगलेली. त्याच खणात मुलीच्या आईची सोन्याची पोत होती. तिला कोणी हात लावलेला नव्हता. आईचे डोळे रडून सुजले होते. मुलगी दाराला टेकून उभी होती आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच म्हणत होती. घाबरली असेल, असं मला वाटलं.

दुपारपर्यंत बातमी सगळीकडे पसरली आणि वरून फोन सुरू झाले. आरोपीला कधी अटक करता, एवढंच सगळे विचारत होते. तेवढ्यात आमच्या बीट हवालदाराला चहाच्या टपरीवर खबर लागली. घराला रंग देणारा माणूस काम अर्धं टाकून निघून गेला होता, आणि त्याच्यावर मोबाइल चोरीचा एक जुना गुन्हा होता. रोहिणखेडला बहिणीच्या घरी तो सापडला. त्याला ठाण्यात आणलं.

ठाणं आधी पाहिलेला माणूस खोलीत शिरताच भिंत शोधतो आणि तिला पाठ लावून बसतो. हाही तसाच बसला. केसांत पांढऱ्या रंगाचे ठिपके तसेच होते. मी त्याला चहा दिला.

"काम अर्धं टाकून काऊन गेला?"

"बहिणीची तब्येत बिघडली साहेब. घरच्या बाईले सांगून गेलो."

फोन करून खात्री केली. तो खरं बोलत होता.

"कपाट तू सरकवलं होतं ना?"

"हाव, सरकवलं. पन त्यात सोन्याची पोत होती म्हनता. थे सोडून मी पासपोर्ट कायले नेऊ? मले तं बुलढाण्याच्या पुढं जायचं काम पडत नाही."

माझा सहायक चिडला, पण मला त्या उत्तरात काही वावगं दिसलं नाही. चोराला चोरलेल्या वस्तूचा उपयोग असावा लागतो. मी प्रश्न बदलला. त्या घरी कोण येत-जात होतं?

तो थोडा आठवत राहिला. "कोनीच नाही. मास्तर शाळेत, बाई दुपारी शिवनाच्या क्लासले. पोरगी एकटी राहे. पायऱ्यावर बसून गुडघ्याले बर्फ लावे. आई दिसली का बर्फ फेकून दे."

जबाब लिहिणाऱ्या आमच्या महिला हवालदारांचा पेन थांबला. त्या जिल्हा पोलिसांच्या संघातून कबड्डी खेळलेल्या. त्याला बाहेर बसवल्यावर त्या म्हणाल्या, "सर, खेळाडूनं बर्फ लावणं यात लपवण्यासारखं काही नसतं. ही आईपासून कशाला लपवते?"

मुलगी अल्पवयीन असल्यानं तिला ठाण्यात बोलावायचं नव्हतं. आम्ही साध्या कपड्यांत पुन्हा तिच्या घरी गेलो. शिक्षक शाळेत गेले होते. आई शेजारी बसली. हवालदारबाईंनी तिच्याशी खेळाच्या गप्पा काढल्या आणि सहज म्हणाल्या, "खालचा बॉल धरायले कशी बसतेस, दाखव बरं."

मुलगी जागची हलली नाही.

"दाखव ना बाई," आई म्हणाली.

ती तरी उभीच. मग मी बोललो. आवाज चढवायची गरज नव्हती. "तुमच्या घराला रंग देणारा माणूस आमच्या ठाण्यात बसला आहे."

"त्याले काऊन बसवलं?"

"पासपोर्ट त्यानंच नेला, असं गाव म्हणतं. त्याच्यावर जुना गुन्हा आहे. सुटणं कठीण जाईल."

तिनं आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "त्यानं नाही नेला, सर. त्याले सोडा. मी सांगते."

पासपोर्ट शाळेच्या खेळाच्या खोलीत होता, फाटलेल्या जुन्या जाळीच्या गुंडाळीत. संघाच्या सराव शिबिरातून सुट्टीवर आल्यावर ती इथल्या मैदानात सराव करत होती. उडी मारून खाली येताना मुरमावर पाय सरकला आणि गुडघा मुरगळला. सूज उतरली, पण पाय भार घेईना.

"पासपोर्टच हरवला तं कोनाचाच दोष राहत नाही, असं वाटलं मले."

"बाबाले सांगायचं होतं ना," आई म्हणाली.

"बाबा लई खुश होते वं."

आईनं तिला जवळ ओढून घेतलं.

तिथूनच मी संघाच्या व्यवस्थापकांना फोन लावला. त्यांनी जे सांगितलं त्यामुळे प्रकरणाचं वजनच बदललं. खेळाडूंची नावं महासंघाकडे गेली होती आणि यादी पक्की झाली होती. पण कोणाला गंभीर दुखापत झाली, आणि डॉक्टरांचे कागद पहिल्या सामन्याआधी महासंघानं मान्य केले, तर तिच्या जागी दुसरी मुलगी घेता येत होती. पासपोर्ट नाही, या कारणावर मात्र बदली मिळत नव्हती. ही गप्प राहिली असती तर संघाला एक गोलकीपर कमी घेऊन उतरावं लागलं असतं.

मुलगी ऐकत होती. तिनं माझ्याकडं फोन मागितला. "सर, वो मणिपूरवाली को लीजिए," ती शिबिरातल्या राखीव गोलकीपरविषयी व्यवस्थापकांना म्हणाली. "उसकी जंप मेरे से ऊंची है."

अकोल्याला तपासणी झाली. गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं होतं. कागद वेळेत गेले आणि मणिपूरची मुलगी संघाबरोबर निघाली.

त्याच दिवशी शिक्षक शाळेतून आले तेव्हा मी त्यांना अंगणातच सगळं सांगितलं होतं. ते पायरीवर बसले. रागावतील या तयारीनं मी उभा होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "लई दुखत असंन का तिले?" मग माझ्याबरोबर ठाण्यात येऊन त्यांनी रंगाऱ्यासमोर हात जोडले.

"जाऊ द्या मास्तर," तो म्हणाला. "भिंतीले दुसरा हात मारायचा राह्यला. सोमवारी येतो."

निघताना मात्र तो माझ्यापाशी थांबला. "साहेब, उद्या गावात कोनाचं काही गेलं तं पुन्हा मलेच आनसान ना?"

तोंडी उत्तर देऊन भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी गणवेशात त्याच टपरीवर गेलो, चहा घेतला आणि चार माणसांत मोठ्यानं सांगितलं, की त्या माणसाचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. खबर जिथून निघाली तिथंच ती मिटवावी लागते.

फिर्याद खोटी होती का, असं वरिष्ठांनी विचारलं. वडिलांनी जे खरं वाटलं तेच लिहून दिलं होतं. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून 'क' समरीचा अहवाल पाठवला, न्यायालयानं तो मंजूर केला.

वस्तू कोणाला हवी होती, हा चोरीच्या तपासातला पहिला प्रश्न म्हणून आम्हाला शिकवला जातो. त्या प्रकरणानंतर मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो. ती वस्तू कोणाला जड झाली होती? उरलेल्या नोकरीत त्या प्रश्नानं दोनदा तरी माझ्या हातून निरपराध माणसाची अटक टळली. आणि घरातल्या माणसांचं कौतुक करताना मी जरा जपून बोलू लागलो. आपला आनंद पाहून पोर दुखणं गिळते, हे मला त्या घरात दिसलं.

पात्रता फेरीतला शेवटचा सामना पाहायला शिक्षकांनी मला घरी बोलावलं होतं. मुलीच्या पायाला पट्टा होता, मोबाइल उशीला टेकवून ठेवलेला. सामनाभर ती "पुढं ये, पुढं ये" असं पुटपुटत होती. आपला संघ एका गोलनं हरला, पुढच्या फेरीत गेला नाही. स्क्रीनवर मणिपूरची मुलगी गोलखांबाला टेकून रडत होती.

हिनं फोन उचलला आणि तिला आवाजी संदेश पाठवला. "बहुत अच्छा खेली तू. वो गोल मेरे से भी नहीं रुकता."

शिक्षक चहा आणतो म्हणून आत गेले. बराच वेळ झाला तरी चहा काही आला नाही, आणि आम्हीही हाक मारली नाही.