माळढोक : निरंक

श्रीगोंदा तालुक्यातला एकही पक्षी माझ्या मामेसासऱ्यांच्या परवानगीशिवाय अंडं घालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या बायकोचे हे मामा तलाठी म्हणून निवृत्त झाले, पण त्यांच्यातला तलाठी काही निवृत्त झाला नाही. पूर्वी शिवारातली पिकं लिहायचे, आता पाखरं लिहितात, एवढाच फरक. दरवर्षी थंडी ओसरताना देशभरातले हौशी लोक चार दिवस आपापल्या भागातले पक्षी मोजतात. बाकीचे पक्षी बघायला जातात. मामा पंचनामा करायला जातात. "पूर्वेस उसाचा फड, पश्चिमेस कॅनॉल, मध्ये बाभळीवर खंड्या, नग एक, समक्ष पाहिला," असं लिहून खाली दोन पंचांच्या सह्या. पंच म्हणजे त्या वेळी तिथून जाणारं कोणीही. एकदा त्यांनी उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला अडवून सही मागितली. "कशाची केस हाय, भाऊसाहेब?" तो बिचारा घाबरला. "बगळ्यांची," मामा म्हणाले. त्यानं इंजिन चालू ठेवूनच सही ठोकली आणि कारखाना येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

हे वेड चार दिवसांपुरतं असतं तर आम्ही सोसलं असतं. पण मामांची मान बारा महिने वरच. माझ्या मेव्हणीच्या लग्नात मंगलाष्टकं रंगात आली असताना मामा मुठीतल्या अक्षता विसरून मांडवाच्या बांबूकडे बघत ओरडले, "कोतवाल!" आता कोतवाल म्हणजे दुभंगलेल्या शेपटीचा काळाभोर पक्षी, हे आम्हा घरच्यांना ठाऊक. पण गावचा खराखुरा कोतवाल, ज्यानं निम्मी नोकरी मामांच्या हाताखाली काढली, तो आचाऱ्याजवळची जिलबी तोंडात तशीच ठेवून धावत आला. "जी, भाऊसाहेब!" मामांनी मान खाली न करता सांगितलं, "तू न्हाई रं. तो शेपटीवाला." कोतवालानंही वर पाहिलं, खात्री केली आणि सवयीनं खिशातून पेन काढलं. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर पंचनामा झाला. भटजी तेवढा वेळ थांबले होते, हे विशेष.

मात्र मामांच्या अहवालातली शेवटची ओळ कधी बदलत नाही : "माळढोक – निरंक." माळढोक म्हणजे माणसाच्या कमरेला लागेल एवढा, गवतातून रुबाबात चालणारा पक्षी. मामा नवे तलाठी असताना त्यांनी तो आमच्या माळावर पाहिला होता. पुढे तो दिसेनासा झाला. तरी मामा गणनेतली एक सकाळ राखून ठेवतात, उजाडल्यापासून बारापर्यंत माळावर बसतात आणि निरंक लिहून येतात. नगरहून गणनेचं काम बघणाऱ्या कॉलेजच्या मॅडम एकदा म्हणाल्या, "मामा, न दिसलेला पक्षी कशाला लिहायचा? दिसेल तेवढाच मोबाईलवर भरतात." मामा तडकले. "रकाना मोकळा म्हंजी कुनी गेलंच न्हाई. निरंक म्हंजी गेलो, बसलो, बघितलं, न्हाई गावला. ह्यात लई फरक हाय, बाई." मॅडमनी कागद ठेवून घेतला.

यंदा नेमकं गणनेच्या तोंडावर मामांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसराही मोतीबिंदूनं धूसर, आणि डॉक्टरांनी धूळ वर्ज्य केलेली. मामा गणनेचा कोरा कागद उशाशी घेऊन पडून होते. इतक्या वर्षांत माळावर कोणी गेलं नाही असं एकदाही झालं नव्हतं, आणि यंदा होणार होतं. मी जावई, मी केलेली चेष्टा त्यांनी आयुष्यभर ऐकून घेतलेली. शेवटी मीच म्हणालो, मी जातो.

गेलो. थोडे चंडोल, दोन टिटव्या आणि चिक्कार ऊन बघून साडेदहालाच परतलो. "निरंक," मी ऐटीत सांगितलं.

"किती वाजेपर्यंत बसलात, जावईबापू?"

खोटं बोलता आलं नाही.

"मग निरंक लिहू नका," मामा शांतपणे म्हणाले. "रकाना मोकळाच ऱ्हाऊ द्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी, गणनेच्या अखेरच्या सकाळी, मी अंधुक उजेडातच माळावर जाऊन बसलो. साडेअकराच्या सुमारास लांब गवतात तपकिरी काहीतरी उठलं. मी जागेवरच उभा राहिलो. घोंगडी पांघरलेला धनगर होता तो. मी त्याच्याकडे अशा रागानं पाहिलं की तो वाट सोडून लांबून गेला. बारा वाजले तरी मी आणखी अर्धा तास बसलो.

घरी येऊन मामांच्या शेजारी कागद घेतला. त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती. मी "एक" लिहिलं असतं तर त्यांना कळलंही नसतं. तसं लिहावं असं फार फार वाटलं. पण हा मनुष्य कधी एक बगळासुद्धा जास्तीचा लिहीत नाही. मी निरंक लिहिलं. इतका जड शब्द मी दुसरा लिहिला नाही.

"लिवलं?"

"लिहिलं, मामा. निरंक."

मामा पट्टीवरूनच हात फिरवत म्हणाले, "मला वाटलं हुतं, तुमाला तरी दिसंल."