कप्तानाने कौल मानला नाही

"टीचर, साहेबांसमोर नाटकं नकोत," हेडमास्तर व्हरांड्यातच म्हणाले. "कारणं तीन. व्यापार, सत्ता, धर्म. फळ्यावर लिहा, मुलांकडून म्हणून घ्या आणि मोकळ्या व्हा."

इन्स्पेक्टर वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलेही होते. गोवा मुक्त होऊन थोडीच वर्षं झाली होती. पेडण्याच्या शाळेत मी प्रोबेशनवर होते, म्हणजे नोकरी होती, पण कायमची नव्हती. आजचा पाठ बिघडला की घरी बसायचं. धडा होता, युरोपचे दर्यावर्दी एवढा समुद्र ओलांडून आले कशाला.

पण मी कसली ऐकतेय! संवाद आधीच वाटून दिले होते. विठू पोर्तुगीज कप्तान, सुमन मलबारचा राजा. कप्तानाने मिरी मागायची, मग वखारीसाठी, म्हणजे माल ठेवायला, जागा मागायची. राजाने ती द्यायची. संपलं.

मिरीपर्यंत सगळं सुरळीत झालं. वखारीचं नाव निघालं तशी सुमनने हात वर करून विठूला थांबवलं, "राव. पयलीं देवाक विचारूंक जाय."

हे संवादात नव्हतंच. आमच्याकडे घर बांधायचं, विहीर खणायची, तर आधी देवाला कौल लावतात. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मलबारच्या राजाला याचं काय? पण या पोरांच्या मते देवाला न विचारता जागा देणारा राजाच नव्हे. सुमनने वेणीतली अबोली काढली, पाण्यात बुडवली आणि टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलाला दोन्हीकडे पाकळ्या लावल्या. अख्खा वर्ग हात जोडून उभा. हेडमास्तर दारात, रागाने लालेलाल.

डावी पडली.

"जागा मेळची ना," सुमनने सांगून टाकलं.

झालं! आता पोर्तुगीज परत जाणार आणि त्यांच्यामागोमाग माझी नोकरी. मी विठूला डोळ्यांनी खुणावत होते, बोल रे बाबा काहीतरी.

तो बोलला. "कौल तुमचो. तोफ माजी." आणि शर्टाच्या बाहीने गोलावरची उरलेली फुलं पुसून टाकली.

सुमन रडायलाच लागली. इन्स्पेक्टर उठून पुढे आले. आता माझी काही खैर नाही, असं मला वाटलं. पण त्यांनी विठूला विचारलं, "जागा घेतलीस न्हय रे? मग फुलां कित्याक पुसलीं?"

"तीं आसल्यार हे परत देवाक विचारतले," विठू सुमनकडे बोट दाखवत म्हणाला.

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "टीचर, मिरी, तोफ, देवाची फुलं. तिन्ही कारणं आली. लिहा फळ्यावर."

मी कायम झाले. हेडमास्तर मात्र आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. निवृत्त होईपर्यंत हा धडा मी नाटकातूनच शिकवला आणि राजाला नाही म्हणायची मुभा दिली. नाही म्हटल्याशिवाय पाहुणा कशाला आलाय ते कळत नाही.